सगळ्यांकडे चालतं, एकाच मशीनवर डेटाबेस कनेक्ट होत नाही

नागपुरातल्या गायत्रीनगरचा आयटी पार्क असो, मिहानमधलं ऑफिस असो की मनीषनगरच्या फ्लॅटमधून चाललेलं घरून काम, हा प्रश्न कानावर येतोच: "भाऊ, माझ्याकडे डीबी कनेक्ट होऊन नाही राहिला. तुझ्याकडे चालून राहिला का?" समोरचा "हो, चालून राहिला" म्हणाला की निम्मं निदान झालं. डेटाबेस सगळ्यांचा एकच असेल तर तो जागेवर आहे. बिघाड बहुधा या मशीनवर आहे, किंवा इथून सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर. मग आधीच सर्व्हरच्या सेटिंगला हात लावायचं कारण उरत नाही.

रीइन्स्टॉलच्या फंदातही पडू नका. विंडोजवर पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस) काढून टाकला तरी त्याचा डेटा फोल्डर मागे राहतो. तीच मोठी आवृत्ती पुन्हा टाकली तर ती तोच फोल्डर उचलते आणि जुनाच पासवर्ड मागते. दोन तास जातात आणि माणूस होता तिथेच येतो.

आधी एरर शेवटपर्यंत वाचा

स्क्रीनवर दिसणारी पहिली ओळ बहुधा फ्रेमवर्कची असते. खरं कारण खाली असतं. जावामध्ये "कॉज्ड बाय" असं लिहिलेल्या ओळींपैकी सगळ्यात खालची बघा. हिकारी पूल (जावात डेटाबेसची कनेक्शनं उघडून तयार ठेवणारी लायब्ररी) वापरत असाल तर "कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस" असा संदेश येतो आणि लोक तो नेटवर्कचा दोष समजतात. ते ३० सेकंद पूलची स्वतःची मुदत आहे. आत पासवर्ड चुकलेला असू शकतो, किंवा सगळी कनेक्शनं अडकून पडलेली असू शकतात.

मूळ ओळ सापडली की ती कोणत्या जातीची आहे ते ठरवा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे त्या पत्त्यावरच्या मशीनपर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकायला कोणी नाही. "टाइमआउट" म्हणजे हाक मारली आणि उत्तरच आलं नाही. बहुधा मधल्या फायरवॉलने पॅकेट गिळलं. होस्टचं नाव सापडलं नाही असं म्हणत असेल तर डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेचा) प्रश्न आहे. आणि "ऑथेंटिकेशन फेल्ड", "ॲक्सेस डिनाइड", "डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट" यांपैकी काही आलं तर नेटवर्क ठणठणीत आहे, कारण हे उत्तर खुद्द डेटाबेसने दिलंय. अशा वेळी फायरवॉल बंद करून बघणं म्हणजे पायाच्या दुखण्याला डोक्याला बाम.

संदेश मोघम असेल तर घड्याळ लावा. रिफ्यूज्ड बहुतेक वेळा क्षणात येतो, टाइमआउट १०, २०, ३० सेकंद खातो.

मग ॲप बाजूला ठेवा. त्याच मशीनवरून, तोच होस्ट, पोर्ट, युजर आणि डेटाबेस देऊन डेटाबेसच्या स्वतःच्या क्लायंटने जोडून बघा: पोस्टग्रेसला पीएसक्यूएल, मायएसक्यूएलला मायएसक्यूएल क्लायंट, एसक्यूएल सर्व्हरला एसक्यूएलसीएमडी. हे जोडलं गेलं तर दोष ॲपच्या कॉन्फिगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत) आहे. नाही जोडलं गेलं तर कोडकडे बघण्यात वेळ घालवू नका. पोस्टग्रेसमध्ये चारही गोष्टी स्पष्ट द्या. युजर दिला नाही तर क्लायंट ऑपरेटिंग सिस्टिमचं लॉगिन नाव घेतो, आणि डेटाबेस दिला नाही तर युजरच्याच नावाचा डेटाबेस शोधतो. तो नसला की भलतीच एरर येते.

रिफ्यूज्ड आला तर

डेटाबेस याच मशीनवर असेल तर त्याची सर्व्हिस चालू आहे का बघा. विंडोजवर सर्व्हिसेसच्या खिडकीत, लिनक्सवर सिस्टमसीटीएलने. पण सर्व्हिस "रनिंग" दिसली म्हणून थांबू नका, ती कोणत्या पोर्टवर ऐकते ते तपासा: विंडोजवर नेटस्टॅटला ए, एन, ओ हे पर्याय देऊन, लिनक्सवर एसएस कमांडला एल, टी, एन, पी देऊन. पोस्टग्रेसचा ठरलेला पोर्ट ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, मोंगोडीबीचा २७०१७. एका मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असतील तर दुसरी बहुधा ५४३३ वर बसते. कॉन्फिगमध्ये ५४३२ लिहिलेलं असतं, तिथे जुनी आवृत्ती बंद पडलेली असते, आणि हवा असलेला डेटाबेस शेजारच्या पोर्टवर व्यवस्थित चालू असतो. उबंटूवर पीजी-एलएसक्लस्टर्स ही कमांड सगळ्या आवृत्त्या आणि त्यांचे पोर्ट एका तक्त्यात दाखवते.

एसक्यूएल सर्व्हरच्या डेव्हलपर आणि एक्सप्रेस आवृत्त्यांमध्ये टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडण्याची वाट, सुरुवातीला बंदच असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन ते चालू करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीस्टार्टशिवाय बदल लागू होत नाही.

"लोकलहोस्ट" या शब्दाकडे नीट बघा, तो वाटतो तितका साधा नाही. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसच्या) १७व्या आवृत्तीपासून नावाचा पत्ता ऑपरेटिंग सिस्टिम ज्या क्रमाने देते त्याच क्रमाने वापरला जातो. बऱ्याच मशीनवर लोकलहोस्टचा पहिला पत्ता आयपीव्ही६चा (नव्या पद्धतीचा) येतो, आणि डेटाबेस मात्र फक्त १२७.०.०.१ या जुन्या, आयपीव्ही४च्या पत्त्यावर ऐकत असतो. मग रिफ्यूज्ड. नोड २० मध्ये दोन्ही पत्ते वापरून बघण्याची सोय मुळातच चालू आहे. त्यामुळे नोड १६ वाल्याकडे चालतं, २० वाल्याकडे चालतं, आणि मधल्या १८ वाल्याकडेच अडतं. कोड एकच, रेपो एकच, फरक फक्त नोडचा. उपाय: होस्टमध्ये थेट १२७.०.०.१ लिहा, आणि टीममध्ये नोडची आवृत्ती एकच ठेवा.

लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटची वेगळी रीत आहे. होस्ट "लोकलहोस्ट" दिला की तो टीसीपीने जातच नाही, सॉकेट फाइलने (त्याच मशीनवरच्या खास फाइलमधून) जातो. १२७.०.०.१ दिला तर टीसीपी. एररचा क्रमांकच वाट सांगतो: २००२ म्हणजे सॉकेट, २००३ म्हणजे टीसीपी.

विंडोजवर आणखी एक फसवी जागा आहे. हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल किंवा डॉकर असलेल्या मशीनवर विंडोज काही पोर्ट आधीच राखून ठेवतं. त्यात ५४३२ किंवा ३३०६ सापडला तर नेटस्टॅटमध्ये पोर्ट रिकामा दिसतो, तरी डेटाबेसला तो घेता येत नाही आणि "ॲक्सेस परमिशन्स" असा शब्द असलेली एरर येते. नेटएसएच या कमांडने टीसीपीच्या वगळलेल्या पोर्टची यादी काढा. आपला पोर्ट त्यात असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून विननॅट ही सर्व्हिस थांबवा, डेटाबेस सुरू करा, मग विननॅट परत चालू करा.

डॉकर असेल तर

कंटेनरच्या (ॲप वेगळं चालवण्याच्या डॉकरच्या बंद डब्याच्या) आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. ॲप आणि डेटाबेस दोन्ही कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या फाइलमध्ये) असतील तर होस्टच्या जागी डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव येतं. ॲप कंटेनरमध्ये आणि डेटाबेस थेट लॅपटॉपवर असेल तर डॉकर डेस्कटॉपवर "होस्ट डॉट डॉकर डॉट इंटरनल" हा पत्ता द्यावा लागतो.

पोर्टच्या जोडीत डावा आकडा तुमच्या मशीनचा, उजवा कंटेनरच्या आतला. ५४३३:५४३२ असं लिहिलं असेल तर बाहेरून ५४३३ वर जायचं, पण दुसऱ्या कंटेनरमधून ५४३२ वरच. नेमकी इथे खूप लोकांची गल्लत होते, कारण एकच एन्व्ह फाइल (सेटिंगची मूल्यं ठेवणारी) दोन्हीकडे वापरलेली असते.

पासवर्ड बदलूनही जुनाच चालत राहिला तर व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा टिकवून ठेवणारी जागा) बघा. पोस्टग्रेसच्या इमेजला (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याला) दिलेला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामा असतानाच वापरला जातो. नंतर कंपोज फाइलमध्ये कितीही बदला, आतला पासवर्ड हलत नाही. आतला डेटा हवा असेल तर कंटेनरमध्ये शिरून एसक्यूएलने पासवर्ड बदला. नको असेल तरच व्हॉल्यूम पुसा. इमेज १५ वरून १६ केली आणि कंटेनर सुरू होऊन लगेच पडत असेल तरी मूळ तिथेच असतं: जुन्या मोठ्या आवृत्तीचा डेटा फोल्डर नवी आवृत्ती उघडत नाही. लॉगमध्ये ते सरळ लिहिलेलं असतं.

पासवर्ड बरोबर असूनही नकार

आधी ॲपला खरोखर कोणती मूल्यं मिळतात ते छापून बघा. पासवर्ड छापू नका, त्याची लांबी छापा. लांबी एकाने जास्त निघाली तर शेवटी स्पेस राहिलीय. लांबी कमी निघाली तर हॅशचं चिन्ह (#) शोधा: एन्व्ह फाइलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेल्या मूल्यात हॅशपासून पुढचा भाग कॉमेंट धरला जाऊ शकतो. पासवर्ड यूआरएलच्या आत असेल तर ॲट (@), हॅश, कोलन, स्लॅश ही चिन्हं तशीच चालत नाहीत. ॲटच्या जागी टक्का आणि ४०, हॅशच्या जागी टक्का आणि २३ लिहावं लागतं. ॲट तसाच ठेवला तर पासवर्डचा उरलेला तुकडा होस्टचं नाव समजला जाऊ शकतो, आणि एरर मात्र डीएनएसची दिसते.

एन्व्ह फाइल बरोबर असूनही मूल्य जुनं येत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याच नावाचं व्हेरिएबल पडलेलं असतं. नोडचं डॉटएन्व्ह (एन्व्ह फाइल वाचणारं पॅकेज) आधीपासून असलेलं मूल्य बदलत नाही. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्येही एन्व्हायर्नमेंटमधलं मूल्य प्रॉपर्टीज फाइलवर मात करतं. विंडोजमध्ये ते व्हेरिएबल काढल्यावर एडिटर पूर्ण बंद करून उघडा. त्याच्या आतला टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही.

पोस्टग्रेसमध्ये कोणाला कसं आत घ्यायचं हे पीजी-एचबीए फाइल ठरवते. तिच्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जुळलेली पहिली ओळच लागू होते. खाली कितीही उदार ओळ जोडली तरी वरची अडवणारी ओळ आधी लागते. बदल केल्यावर रीलोड पुरतो. पोस्टग्रेस कोणत्या पत्त्यांवर ऐकतो ती सेटिंग बदलली तर मात्र रीस्टार्ट लागतो. "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड" आलं तर पासवर्ड विचारलाच गेलेला नाही, लिनक्सचं लॉगिन नाव जुळलं नाही एवढंच झालंय. होस्ट १२७.०.०.१ द्या, म्हणजे टीसीपीची ओळ लागू होईल.

ड्रायव्हर जुना असेल तर पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड स्क्रॅम पद्धतीने साठवणं हा ठरलेला मार्ग झाला, आणि मायएसक्यूएल ८ ने कॅशिंग-शा२ ही पासवर्ड पडताळण्याची पद्धत आणली. नोडचं जुनं मायएसक्यूएल पॅकेज ती ओळखत नाही, तिथे मायएसक्यूएल२ हे पॅकेज घ्या. सर्व्हरला जुन्या पद्धतीवर खाली ओढण्यापेक्षा ड्रायव्हर वर नेणं केव्हाही चांगलं. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि होस्ट मिळून बनतं. लोकलहोस्टसाठी केलेल्या खात्याने दुसऱ्या मशीनवरून आत जाता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ एरर क्लायंटला कायम स्टेट १ दाखवते, खरी स्टेट सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असते: ५ म्हणजे असा युजर नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला.

टाइमआउट: ऑफिसात चालतं, घरी नाही

डेटाबेस क्लाउडवर असेल तर आत येऊ द्यायच्या आयपींची यादी असते. घरच्या ब्रॉडबँडचा बाहेरचा आयपी राऊटर रीस्टार्ट झाल्यावर बदलू शकतो, आणि मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात की तो वेगळाच असतो. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनला होस्ट आणि पोर्ट देऊन बघा, लिनक्सवर एनसीला व्ही आणि झेड हे पर्याय द्या. पिंगवर विसंबू नका. कित्येक क्लाउड सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. व्हीपीएन लागतो का, आणि लागत असेल तर नाव आतल्या पत्त्यावर उघडतं का, हे एनएसलुकअपने बघा. मग होस्ट्स फाइल उघडा. कधीतरी चाचणीसाठी टाकलेली जुनी ओळ तिथे राहिलेली असते, आणि एनएसलुकअप ती फाइल वाचत नाही, त्यामुळे तिकडे सगळं बरोबर दिसतं.

आयपींची यादी सांभाळणाऱ्या ताई-दादांना मेसेज करताना आपला आताचा बाहेरचा आयपी, होस्ट, पोर्ट, एररची पूर्ण ओळ आणि वेळ द्या. "सगळ्यांसाठी उघडून द्या" अशी मागणी करू नका. तो पोर्ट मग साऱ्या जगाला उघडा होतो.

लाइट गेल्यावर

एप्रिल-मेमध्ये नागपुरात लाइट जाते, आणि यूपीएस नसलेला डेस्कटॉप डेटाबेस चालू असतानाच बंद पडतो. पुन्हा चालू केल्यावर पोस्टग्रेस "द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप" म्हणत असेल तर थांबा, तो लॉग वाचून स्वतःला सावरतोय. या काळात डेटा फोल्डरमधल्या पीजी-वॉल फोल्डरमधलं (तोच लॉग तिथे असतो) काहीही पुसू नका, जागा कितीही कमी पडत असली तरी.

पोस्टमास्टर डॉट पीआयडी ही फाइल आधीच आहे अशी तक्रार आली तर तिच्या पहिल्या ओळीतला आकडा टास्क मॅनेजरमध्ये शोधा. तो आकडा दुसऱ्याच प्रोग्रामचा असेल आणि पोस्टग्रेसची एकही प्रोसेस चालू नसेल, तरच तेवढी एक फाइल काढून सर्व्हिस सुरू करा. पोस्टग्रेस चालू असताना ती काढली तर एकाच डेटावर दोन सर्व्हर बसू शकतात आणि डेटा खराब होतो.

डेटाबेस दूरचा असेल आणि लाइट आल्यावर सर्टिफिकेट अजून वैध नाही अशी एरर येत असेल तर स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की वीज तुटताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि टीएलएसला (कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या व्यवस्थेला) आजचं सर्टिफिकेट भविष्यातलं वाटतं. तारीख हाताने दुरुस्त केली की कनेक्शन लगेच होतं, पण लाइट पुढच्या वेळी गेली की तेच. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. मशीनचा प्लग काढून, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा आणि बायोसमध्ये तारीख एकदा लावून घ्या.