कांद्याच्या मुळात पेशीविभाजन पाहायचे तर

विभाजन दिसले नाही की दोष रंगाला दिला जातो. बहुतेक वेळा गडबड त्याआधीच, कांदा पाण्यावर ठेवताना किंवा मूळ तोडताना झालेली असते.

कांदा मध्यम आणि घट्ट घ्या. नुकताच काढलेला सुप्तावस्थेत असतो, मुळे फुटायला वेळ लावतो. त्यापेक्षा साठवणीच्या चाळीत काही महिने राहिलेला बरा. वाळकी मुळे ब्लेडने खरवडा, पण बुडाची तबकडी कापू नका, नवी मुळे तिथूनच येतात. ग्लासच्या तोंडावर असा बसवा की नुसते बूड पाण्याला टेकेल. जास्त बुडाला तर सडतो. पाणी रोज बदला. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत पाणी कोमट होते आणि मुळे वाढतच नाहीत. ग्लास माठाजवळ, ओल्या गोणपाटावर ठेवा. २० ते २५ अंश उत्तम. खरे तर हे प्रात्यक्षिक डिसेंबर-जानेवारीतच उरकावे.

मुळे २-३ सेंमी झाली की सकाळी ८ ते १० च्या सुमारास टोकाकडचा दीड सेंमी भाग तोडा आणि लगेच ३ भाग अल्कोहोल व १ भाग ग्लेशियल (जवळजवळ निर्जल) ॲसेटिक ॲसिडच्या ताज्या मिश्रणात २४ तास ठेवा. खिडकी उघडी असू द्या, वाफ झोंबते. तुकडे लगेच वापरायचे नसतील तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये टिकतात.

घड्याळकाचेत (उथळ काचेच्या वाटीत) ९ थेंब ॲसिटोकार्मिन, म्हणजे गुणसूत्रे रंगवणारा लाल रंग, आणि १ थेंब १ नॉर्मल तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन मूळ त्यात टाका. स्पिरिटच्या दिव्यावर वाफ दिसेपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, मग झाकून १० ते १५ मिनिटे ठेवा. आम्लामुळे पेशींना जोडणारे पेक्टिन सैल होते. आम्ल कमी पडले तर पेशी ढिगाने एकावर एक दिसतात, जास्त झाले तर मुळाचा लगदा.

काचपट्टीवर ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा थेंब, त्यात गडद रंगलेले टोकाचे फक्त २ मिमी. कव्हरस्लिप (पातळ झाकणकाच) ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच ठोका, मग टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबा. कव्हरस्लिप बाजूला सरकली की पेशी गुंडाळल्या जातात, पट्टी वाया.

आधी १० पट, नंतर ४० पट भिंगाने पाहा. बहुतेक पेशी अंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात असतील. विभाजन होणाऱ्यांत पूर्वावस्था (विभाजनाचा पहिला टप्पा) जास्त सापडते, कारण तिला सर्वाधिक वेळ लागतो. गुणसूत्रे १६ असली तरी साध्या पट्टीत ती मोजण्याचा हट्ट नको. निदान ३०० पेशी मोजा. विभाजित पेशी भागिले एकूण, गुणिले १००, हा विभाजन निर्देशांक.

उरलेले मूळ फेकू नका. टोकापासून १ सेंमी वरच्या भागाची दुसरी पट्टी करा. तिथल्या पेशी लांबट, आत मोठी रिक्तिका (द्रवाने भरलेली पिशवी), केंद्रक कडेला ढकललेले. त्या पाणी शोषून वाढल्या आहेत, विभाजन मात्र थांबलेले. इथेही विभाजन भरपूर दिसले, तर तुकड्यांची अदलाबदल झाली असे समजा.