ह्यांची रक्त पातळ व्हायची गोळी, आणि ती सांभाळायची कशी

लालबागला एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर मी २२ वर्षं उभी आहे. डी. फार्म. झाल्यापासून हेच काम. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या किती जणांच्या हातात दिल्या, त्याची मोजदाद नाही. पण त्या आपल्या घरात येतात तेव्हा काय होतं, ते तीन वर्षांपूर्वी कळलं. परळ स्टेशनचा जिना चढताना ह्यांच्या छातीत कळ आली आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसवला. डिस्चार्जच्या कागदावर बाकीच्या औषधांबरोबर दोन नावं होती: अ‍ॅस्पिरिन ७५ रोज एकदा आणि टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ.

'रक्त पातळ होणं' म्हणजे रक्ताचं पाणी होणं नव्हे. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि गुठळी धरते. या गोळ्या त्यांना चिकटू देत नाहीत, एवढंच. नवा स्टेंट म्हणजे प्लेटलेटच्या लेखी धमनीतली ताजी जखम. धमनीचं आतलं अस्तर हळूहळू त्या जाळीवर वाढतं, पण त्याला काही महिने लागतात. तोवर स्टेंटमध्येच गुठळी होण्याची भीती जास्त, म्हणून दोन गोळ्या. हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही आणि मग बहुतेकांना एक कायमची. अटॅक न येता स्टेंट बसला असेल तर मुदत कमीही असते. तुमची मुदत किती, ते तुमचा कार्डिओलॉजिस्ट ठरवणार. शेजाऱ्याची सहा महिन्यांत बंद झाली म्हणून आपली होत नाही.

काउंटरवर रोज होणारा एक घोटाळा सांगते. लोक येऊन म्हणतात, "ताई, रक्त पातळची गोळी सुरू झाली, पालक-मेथी बंद केली." ते पथ्य वॉरफरिनचं आणि अ‍ॅसिट्रॉमचं. व्हॉल्व्ह बदललेल्यांना वगैरे देतात त्या गोळ्या वेगळ्या वाटेनं काम करतात, त्यांना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) तपासावा लागतो आणि पालेभाज्यांचं प्रमाण सांभाळावं लागतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर यांना तसलं काही नाही. आमच्याकडे मेथीची भाजी आठवड्यातून दोनदा होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. हे मला पाठ होतं, तरी आमच्याच घरात घडलं. स्टेंटनंतर चौथ्या महिन्यात ह्यांची दाढ दुखायला लागली. कुणीतरी सांगितलं, दाढ काढायची तर आधी पाच दिवस गोळ्या थांबवाव्या लागतात. मी काळजी करीन म्हणून हे मला बोलले नाहीत. मी प्रत्येक स्ट्रिपवर बॉलपेननं सुरू केल्याची तारीख लिहिते. रविवारी गोळ्यांचा डबा भरताना मोजल्या तर तीन दिवसांच्या गोळ्या तशाच. माझे हात थंड पडले. तिथूनच कार्डिओलॉजिस्टना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे लगेच गोळ्या सुरू केल्या, सकाळी ईसीजी केला. काही झालं नाही. पण त्या तीन दिवसांत झालं असतं तर परळच्या जिन्यातल्यापेक्षा वाईट झालं असतं.

आणि दाढ नंतर गोळ्या चालू ठेवूनच काढली. बहुतेक वेळा तशीच काढतात. डेंटिस्टनी टाके घातले, गॉज दाबून धरायला लावला, थोडं जास्त वेळ झिरपलं आणि थांबलं. मोठ्या ऑपरेशनचं वेगळं. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, प्रासुग्रेल ७, टिकाग्रेलॉर ३ ते ५, आणि अ‍ॅस्पिरिन बऱ्याचदा चालूच राहते. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते आणि अ‍ॅस्पिरिन तिला जन्मभरासाठी निकामी करते, म्हणून नव्या प्लेटलेट तयार व्हायला दिवस लागतात. पण हे आकडे सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट यांनी आपसात बोलून वापरायचे. तुम्हाला कुणीही, अगदी डॉक्टरनंही "थांबवा" म्हटलं तर विचारा, "माझ्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय का?" विचारायला लाजू नका.

बंद करण्याइतकीच डबल होण्याचीही भीती असते. दुकानात एक मावशी यायच्या, जुनी चिठ्ठी घेऊन क्लोपिटॅब ए न्यायच्या. मध्येच दुसऱ्या डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणली, त्यावर इकोस्प्रिन गोल्ड. पहिलीत क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन, दुसरीत तीच दोन्ही, वर कोलेस्टेरॉलची गोळी. नावं इतकी वेगळी की त्यांना वाटलं, औषधं वेगळी. महिनाभर दोन्ही घेतल्या. शौचाला काळं होत होतं, पण लोहाच्या गोळ्या चालू होत्या म्हणून त्यानं असेल समजल्या. मी विचारलं तेव्हा कळलं, आणि तसंच त्यांना हॉस्पिटलला पाठवलं. म्हणून सांगते, ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. चष्मा लागत असेल तर केमिस्टला वाचायला लावा, ते आमचं काम आहे. आणि नव्या डॉक्टरकडे जाताना नुसते कागद नेऊ नका, सगळ्या स्ट्रिपच पिशवीत घालून न्या.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मी ओरडून ओरडून सांगते. गुडघा दुखला, पाठ धरली, की आपल्याकडे लोक सरळ कॉम्बिफ्लाम किंवा व्होवेरान मागतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे. अ‍ॅस्पिरिनला जिथे बसायचं असतं ती जागाच ते अडवतं, म्हणजे हृदयाचा फायदा घटतो, आणि वर पोटातून रक्त जायचा धोकाही वाढतो. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, तेही पोटाला आणि हृदयाला दोन्हीला वाईट. डिस्प्रिन ही स्वतःच अ‍ॅस्पिरिन आहे, हे कित्येकांना माहीत नसतं. अंग दुखलं, डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. स्वयंपाकातला लसूण, हळद, आलं खुशाल खा, पण त्यांच्या कॅप्सूल आणि ओळखीतून आलेले काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

अ‍ॅसिडिटीची गोळीही सहज मागू नका. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाला लागते आणि ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल तिथेच तिला अडवतात. म्हणून क्लोपिडोग्रेलवाल्याला ओमेझ हवी असली की मी देत नाही, आधी डॉक्टरांना फोन करायला सांगते. बहुतेक वेळा पँटोप्राझोल लिहून देतात. अ‍ॅस्पिरिन जेवणानंतर घ्या. चतुर्थी असो की श्रावणी सोमवार, उपवास म्हणून गोळी चुकवायची नाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन घेतली तरी चालते. कोटिंग असलेली गोळी कुटू किंवा तोडू नका.

टिकाग्रेलॉरनं ह्यांना सुरुवातीला धाप लागायची, चाळीचे तीन मजले चढले की जास्त. हा त्या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे. तरी आम्ही ते गृहीत धरलं नाही, दाखवून आलो. तुम्हीही तसंच करा, धाप लागते म्हणून गोळी बंद करू नका.

वेळ चुकली तर? अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल त्याच दिवशी आठवली तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. टिकाग्रेलॉर चुकली तर पुढची ठरल्या वेळी घ्या. चुकलेली भरून काढायला दोन एकदम कधीच नाही.

गणपतीला गावी जाताना आमच्या दुकानातून अर्धं लालबाग औषधं नेतं. दहा दिवसांचा मुक्काम असेल तर मी वीस दिवसांच्या देते. गाडी चुकते, मुक्काम वाढतो, आणि तिकडच्या छोट्या दुकानात टिकाग्रेलॉर मिळेलच असं नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सीटखालच्या बॅगेत नको.

पावसाळ्यातला ताप हा मुंबईतला वेगळा विषय. डेंग्यूत प्लेटलेट खाली येतात, त्यावर या गोळ्या चालू, म्हणजे रक्तस्रावाची भीती. पण घाबरून गोळी बंद केली तर स्टेंटची भीती. म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा आणि रिपोर्ट घेऊन कार्डिओलॉजिस्टना गाठा. निर्णय त्यांचा.

दाढी करताना कापलं, दात घासताना हिरडीतून थोडं आलं, हातावर निळा डाग उठला, तर घाबरू नका. मऊ ब्रश घ्या, जखम दाबून धरा. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं चिमटीत धरा, मध्ये सोडून बघू नका. पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर हॉस्पिटल. डांबरासारखं काळं शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवीतून रक्त, तर थेट हॉस्पिटल. गर्दीत पडून डोक्याला मार लागला तर वर खोक नसली तरी हॉस्पिटल, आत रक्त साठतं ते बाहेरून दिसत नाही. अचानक तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एक हात उचलेना, कधी नव्हे असं डोकं दुखलं किंवा छातीत पुन्हा कळ आली, तर १०८ लावा.

ह्यांच्या लोकलच्या पासच्या मागे मी एक कार्ड ठेवलंय. स्टेंट कधी बसला तो महिना आणि वर्ष, गोळीचं औषधाचं नाव आणि माप, कार्डिओलॉजिस्टचा नंबर, माझा नंबर. वर्षभरानं डॉक्टरांनी टिकाग्रेलॉर थांबवली, त्याच संध्याकाळी जुनं कार्ड फाडलं आणि नवीन लिहिलं. त्यावर आता एकच नाव आहे: अ‍ॅस्पिरिन ७५, रात्री जेवणानंतर.