ग्रुपमध्ये मुलगी आहे, पण पाना कुणाच्या हातात? या चुका टाळा

राज्याच्या कॅप (केंद्रीभूत) प्रवेशात इंजिनीअरिंगच्या ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. ठाणे-नवी मुंबईतली कॉलेजं हा आकडा आवर्जून सांगतात. खरा घोळ प्रवेशानंतर होतो, वर्कशॉपमध्ये आणि प्रोजेक्टच्या टेबलावर, आणि तो कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मुली ‘वाटून’ देणं

समजा, मेकॅनिकलच्या ६० जणांच्या वर्गात ६ मुली आहेत आणि चौघांचे १५ ग्रुप करायचे आहेत. बहुतेक मार्गदर्शक सहा ग्रुपना एकेक मुलगी देतात. दिसायला न्याय्यच. पण एकटीच्या वाट्याला रिपोर्ट आणि पीपीटी येतं, वर ‘तुझं अक्षर छान आहे’ हे कौतुक. त्याऐवजी तीन ग्रुपमध्ये दोन-दोन मुली घाला. बारा ग्रुप फक्त मुलांचे राहतील, राहू द्या.

एवढ्यानेही भागत नाही, कामं फिरवावी लागतात. चार कामं ठरवा: बनवणं (लेथ, वेल्डिंग किंवा कोड), टेस्टिंग, खरेदी-हिशेब आणि लेखन. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये दर ३ आठवड्यांनी काम बदललं की १२ आठवड्यांत चौघांचा फेरा पुरा होतो. उरलेले ३ आठवडे जोडणी आणि व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) तयारीला. लॉगबुकात सहीशेजारी ‘मशीनवर किती तास’ हा रकाना हवाच. नाहीतर फेरा कागदावर फिरतो आणि लेथवर रोज तोच मुलगा उभा असतो.

फेरा हमखास मोडतो तो रिव्ह्यूच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या तपासणीच्या तोंडावर. ‘आता वेळ नाही, ज्याला येतं तोच करेल.’ म्हणून रिव्ह्यू काम बदलल्या-बदलल्या लावू नका, तिसऱ्या आठवड्यात लावा. तोवर हात बसलेला असतो.

नियमापुरतं नाव

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत ६ जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी लागते. मग फॉर्म भरायच्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शोधाशोध सुरू होते. उपाय सोपा आहे: प्रॉब्लेम स्टेटमेंट निवडायच्या पहिल्या बैठकीला जी किंवा जो नाही, त्यांचं नाव टीममध्ये नाही.

एलआर म्हणजे पुष्पगुच्छ

सीआर (वर्गप्रतिनिधी) प्राध्यापकांशी तारखा ठरवतो, एलआर (मुलींची प्रतिनिधी) पाहुण्यांना फूल देते आणि ट्रॅडिशनल डेची रांगोळी सांभाळते. नेतृत्व शिकवायचं म्हणून ८ मार्चला एखादं व्याख्यान होतं. त्यातून टाळ्यांपलीकडे काही निघत नाही. नेतृत्व पैसे आणि नकार हाताळताना येतं. क्लबच्या खरेदीचे अधिकार फिरवा: तीन पुरवठादारांकडून कोटेशन, तुलना, निर्णय आणि तो का घेतला याच्या चार ओळी. बैठक २० मिनिटांची, अध्यक्ष दर वेळी नवा, इतिवृत्त हजेरी क्रमांकाने. ‘तू लिहून घे’ हे वाक्य तिथेच संपतं.

निर्णय रात्री टपरीवर

स्पर्धेची गाडी बनवणारी टीम रात्री ११ पर्यंत थांबते. पनवेलला किंवा ठाण्याला परतणारी मुलगी ट्रान्स-हार्बर लोकलसाठी ८ वाजता निघते. डिझाइन बदलतं ते नंतर, चहा पिताना. सकाळी तिला फक्त निकाल कळतो. संध्याकाळी ५ नंतर काम चालू द्या, पण निर्णय नको. रात्री सुचलेलं दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मंजूर करायचं.

बारीक वाटणाऱ्या गोष्टी

सेफ्टी शूज मागवताना ३, ४, ५ नंबर वेगळे लिहा. सैल बुटात मशीनजवळ वावरणं धोक्याचं, मग ‘तू लांब थांब’ हे ओघानं येतंच. हातमोज्यांचंही तेच. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) किंवा तळोजा एमआयडीसीत इंटर्नशिपला पाठवताना पत्रातच विचारा: शॉप फ्लोअरवर महिलांसाठी चेंजिंग रूम आणि स्वच्छतागृह आहे का, आणि विद्यार्थिनी नेमक्या कोणत्या विभागात काम करणार? हे लेखी नसेल तर मुली ऑफिसात फायली लावताना दिसतात.

प्रगती स्कॉलरशिप

तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईची मुलींसाठीची ही शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. नवा अर्ज पहिल्या वर्षी, किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी त्या वर्षी करायचा. ‘पुढच्या वर्षी भरू’ म्हटलं की गेली.

व्हायव्हात प्रश्नांची वाटणी

तिला थिअरी विचारायची आणि मशीन कसं चालतं ते त्याला, ही सवय परीक्षकांनाही कळत नाही. प्रश्नांच्या चिठ्ठ्या करा आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने मशीन चालवून दाखवायचं. ती अडली तर ग्रुपमधल्या मुलाने हात पुढे करण्याआधी पूर्ण ३० सेकंद थांबायचं.