या चुका टाळा: 'मर्डर इन हाँगकाँग'मध्ये हातात आलेला खुनी का निसटतो

'डिसेप्शन: मर्डर इन हाँगकाँग' हा टोबी हो यांचा २०१४ सालचा बोर्ड गेम. ४ ते १२ जण खेळू शकतात. नियम पटकन सांगून होतात आणि तिथेच घोळ होतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्याला सगळं कळलं. प्रत्येकासमोर चार निळी कार्डं उघडी असतात, म्हणजे मारायची साधनं, आणि चार लाल, म्हणजे पुरावे. पालथ्या कार्डांनी भूमिका वाटल्या जातात; फक्त फॉरेन्सिकवाला, म्हणजे तपासतज्ज्ञ, कोण ते सगळ्यांना माहीत असतं. तो सोडून सगळे डोळे मिटतात, मग खुनी तेवढा डोळे उघडून आपल्याच समोरचं एक निळं आणि एक लाल कार्ड बोट ठेवून दाखवतो. फॉरेन्सिकवाला ते बघतो, पण आरोपाला 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापलीकडे त्याला बोलायची बंदी. त्याने मृत्यूचं कारण, नातं अशा विषयांचे पर्याय लिहिलेल्या सहा पाट्यांवर लाकडी गोळ्या ठेवून सुचवायचं आणि बाकीच्यांनी तीन फेऱ्यांत माणूस आणि दोन्ही कार्डं ओळखायची.

सगळ्यात जास्त डाव वाया जातात ते बिल्ल्यामुळे. प्रत्येकाला एक बिल्ला, म्हणजे आरोप करायची एकच संधी. नवीन माणसाला तो हातात ठेववत नाही. मुलुंडला मावसभावाच्या घरी असाच एक डाव चालला होता. मृत्यूचं कारण गुदमरणं. एकाच्या समोर उशी, शिवाय अंगठी आणि प्रेमपत्रही. नात्याच्या पाटीवर गोळी पडली 'प्रेमी'वर. भावाचा एक मित्र, पहिल्यांदाच खेळणारा, पहिल्याच फेरीत उठून उभा. "हाच! बघा कसा हसतोय! उशी आणि अंगठी!" फॉरेन्सिकवाला म्हणाला, "नाही." झालं. त्या क्षणापासून टेबलावरच्या एकानेही उशीवाल्याकडे पुन्हा पाहिलं नाही. उरलेल्या दोन फेऱ्या एका बिचाऱ्या काकूंच्या टॉवेलवर आणि शेजारच्याच्या स्कार्फवर वाद घालण्यात गेल्या. शेवटी कळलं: उशी आणि प्रेमपत्र. माणूस बरोबर, साधन बरोबर, फक्त लाल कार्ड चुकलेलं.

हे नीट समजून घ्या. 'नाही' म्हणजे तो माणूस सुटला असं नव्हे. चार निळी गुणिले चार लाल, एका माणसासमोर सोळा जोड्या असतात. 'नाही'ने त्यातली एक गेली, पंधरा शिल्लक आहेत. काय चुकलं हे फॉरेन्सिकवाल्याने सांगायचं नसतं, त्यामुळे घाईघाईत फेकलेला बिल्ला खुन्याला जवळजवळ निर्दोष असल्याचा दाखलाच मिळवून देतो. चांगला खुनी तर असा आरोप स्वतःवर ओढवून घेतो. माझा बिल्ला मी चहाच्या कपाखाली ठेवते आणि दुसरी फेरी संपेपर्यंत कप उचलत नाही. चहा गार होतो, होऊ दे. "मला ९.४०ची लोकल पकडायचीय, चला लवकर" म्हणणाऱ्यांना मी हल्ली फॉरेन्सिकही करत नाही आणि खुनीही. खरं तर बोलावतच नाही.

आणि बिल्ला गेला म्हणून मोबाईल काढून बसू नका. आरोप करता येत नाही, बोलता येतं.

दुसरी माझी चीड म्हणजे चेहरे वाचणारी मंडळी. लहानपणी राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या खेळून आपल्याला सवयच लागलेली असते: कोण हसला, कोण लाल झाला. इथे उत्तर टेबलावर उघडं पडलेलं असतं, तोंडावर नाही. गोळ्या कुठे पडल्या यापेक्षा कुठल्या क्रमाने पडल्या ते बघा. फॉरेन्सिकवाल्याला सहाही पाट्यांवर गोळी ठेवावीच लागते, मग पाटीचा खुनाशी संबंध असो वा नसो. पहिली गोळी त्याने न अडखळता ठेवली असेल, तर ती तोलामोलाची. शेवटी उरलेल्या पाटीवर मान खाजवत ठेवलेली गोळी बहुधा नाइलाजाची असते, तिच्यावर इमले बांधू नका. पुढच्या फेरीत नवी पाटी आली की जुनी कुठली काढली तेही बघा. जी काढली ती त्याच्या मते कुचकामी होती. एवढं सगळं समोर असताना लोक विचारतात, "तू पाणी का प्यायलास?"

फॉरेन्सिकवाल्याने मात्र चेहरा सांभाळलाच पाहिजे. कोणी बरोबर बोललं की भुवई वर, चुकलं की सुस्कारा. असा खेळ मी बघत नाही. नजर पाट्यांवर, हात मांडीवर. कार्डांवर इंग्रजी असतं, म्हणून घरातल्या आत्याने एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तरी फॉरेन्सिकवाल्याने सांगायचा नाही. सुरुवातीलाच सगळ्यांची सगळी कार्डं दुसऱ्या कोणीतरी मराठीत मोठ्याने वाचून टाकावीत.

खुनी झालात तर आपली कार्डं बघून निवडू नका, इतरांची बघून निवडा. तिघांसमोर धारदार काहीतरी असेल तर तुम्हीही सुराच घ्या. साप किंवा चेनसॉ घेण्याची हौस नवशिक्यांना फार. मग पहिल्याच गोळीला पकडले जातात.

जास्त माणसं असली की आणखी दोन छुप्या भूमिका येतात: खुन्याच्या बाजूचा साथीदार आणि तपास करणाऱ्यांच्या बाजूचा साक्षीदार. साथीदाराने खुन्याची वकिली करू नये.

साक्षीदाराला खुनी आणि साथीदार दोघेही माहीत असतात, म्हणून तो छाती ठोकून बोलतो. खुनी पकडला गेला तरी त्याने साक्षीदार अचूक ओळखला, तर डाव खुन्याचा. तेव्हा साक्षीदार असाल तर मधूनमधून चुकीच्या माणसावरही संशय घ्या.

डोळे मिटताना सगळ्यांनी टेबलावर हलकं टकटक करत राहावं, नाहीतर खुर्ची करकरली तरी दिशा कळते. पंखा एकवर.

आणि भजी खेळ संपल्यावर. भूमिकेच्या कार्डाला एकदा तेलकट बोट लागलं, की पुढच्या डावात ते पालथं असतानाच सगळ्यांना कळतं खुनी कोण ते.