थंडीत पोट भरेल अशी कोशिंबीर कशी करावी

नोव्हेंबर उलटला की मंडईत कोशिंबिरीसाठी जितकं काही येतं, तितकं वर्षभरात पुन्हा कधी येत नाही. लाल गाजरं, पाल्यासकट मुळे, मटार, हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, ओला लसूण, ओली हळद, आवळे, संत्री. आणि नेमक्या याच दिवसांत बऱ्याच घरांत सॅलड म्हणून ताटात पडतात त्या फ्रिजमधून काढलेल्या काकडी-टोमॅटोच्या गार चकत्या. दोन खाल्ल्या जातात, बाकीच्या ताटातच राहतात. खाणाऱ्याचं काही चुकत नाही. थंडीत माणसाला ऊब हवी असते, दाताखाली काहीतरी यायला हवं असतं आणि थोडा तेलाचा ओशटपणाही हवा असतो. या तिन्ही गोष्टी दिल्या, तर ताटाच्या डाव्या बाजूला वाटीभर बसणारी कोशिंबीर वाडगाभर खाता येते, आणि सोबत एक भाकरी असली की जेवण होतं.

खालचं प्रमाण दोन माणसांच्या जेवणाचं आहे: दीड वाटी सोलाणे, म्हणजे हरभऱ्याचे ओले दाणे, २ लाल गाजरं, १ मध्यम मुळा, कोवळ्या पाल्यासकट, कांद्याच्या ३-४ पाती, ओल्या लसणाच्या २ काड्या, मूठभर कोथिंबीर, १ आवळा, ३ चमचे दाण्याचं जाडसर कूट, २ चमचे तीळ, १ चमचा मोहरी, ४ चमचे दही, ३ चमचे शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल, २ हिरव्या मिरच्या, हिंग, मीठ आणि गुळाचा लहानसा खडा.

आधी दाणे

पोट भरतं ते दाण्यांनी, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. शक्यतो शेंगा किंवा घाटे आणून घरीच सोला. मटार वेलीवरून तोडला की त्याच्यातल्या साखरेचं हळूहळू पीठ होत जातं, त्यामुळे सकाळपासून सोलून ठेवलेला दाणा रात्री चवीला पिठूळ लागतो. शेंगेतला दाणाही बदलतोच, पण जरा सावकाश.

सोलाणे उकडू नका, भाजा. लोखंडी तव्यावर अर्धा चमचा तेल टाकून मोठ्या आचेवर दाणे पसरा आणि दोन मिनिटं अजिबात हलवू नका. खालून काळे ठिपके पडले की हलवा, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा आणि आणखी ३-४ मिनिटं वाफ येऊ द्या. शेतात हरभऱ्याचे डहाळे जाळात टाकून जो हुळा करतात, त्याची थोडीशी चव अशाने घरात येते. दाणा शिजलेला हवा, पण बोटाने दाबला तर सहज चिरडू नये.

मटार वापरणार असाल तर त्यांना मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं पुरतात. तुरीच्या ओल्या दाण्यांना सात-आठ मिनिटं लागतात. पावटा किंवा वाल मात्र कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नये. तो पूर्ण मऊ शिजवा आणि ते पाणी टाकून द्या. रायगडात या दिवसांत पोपटी लागते, म्हणजे मडक्यात भरून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा. तिच्यातल्या वालाच्या शेंगा उरल्या असतील तर त्यांचे दाणे सोलून इथे घाला, याहून चांगला वाल मिळणार नाही.

मग मुळा आणि गाजर

मुळा किसा, पाव चमचा मीठ चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ मुळ्यातलं पाणी ओढून घेतं. तो घट्ट पिळा, नाहीतर हेच पाणी पुढे वाडग्यात उतरतं आणि कोशिंबीर पचपचीत होते. पिळलेल्या पाण्यात थालीपिठाचं पीठ भिजवा. त्यात मीठ असतं, तेव्हा पिठात वेगळं घालताना जपून.

गाजर मात्र किसू नका. किसलेलं गाजर चावावं लागत नाही, दोन मिनिटांत गिळून होतं. पोटभरीच्या कोशिंबिरीत चावणं महत्त्वाचं आहे, म्हणून गाजराच्या तिरक्या पातळ चकत्या करा आणि त्या उभ्या चिरून काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या काड्या करा. मधला दांडा जून निघाला तर काढून टाका. आपल्या लाल गाजराचा रंग टोमॅटोतल्याच लायकोपीनचा असतो आणि हे रंगद्रव्य तेलात विरघळणारं आहे. नुसत्या चकत्या खाण्यापेक्षा तेल, तीळ आणि कुटाबरोबर खाल्लं तर ते अंगी जास्त लागतं.

मोहरी फेसणं

या कोशिंबिरीचा जीव इथे आहे, म्हणून घाई करू नका. केळ्याच्या रायत्यात किंवा लोणच्यात फेसलेली मोहरी घालायची पद्धत अनेक घरांतून हळूहळू मागे पडली आहे. ती परत आणावी असं मला फार वाटतं.

मोहरी कोरडी कुटून घ्या. त्यात दोन चमचे गार पाणी घालून वाटीत चमच्याने भरपूर फेटा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की तो निर्माण होतो. त्याला वेळ लागतो, आणि गरम पाणी किंवा आंबट पदार्थ आधीच पडला तर तो पुरता चढतच नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी गार पाणी, मग थांबणं, मग दही. वाटी नाकाजवळ नेल्यावर डोळ्यांत पाणी आलं की मोहरी तयार झाली.

आता तिच्यात दही, चिमूटभर मीठ आणि किसलेला गूळ घालून फेटा. वरून दोन चमचे कच्चं तेल थेंबाथेंबाने घालत फेटत राहा. मोहरीमुळे तेल दह्यात चांगलं धरून राहतं आणि मलईसारखं दाट मिश्रण होतं. मुळा आणि मोहरी एकाच कुळातले, दोघांचा तिखटपणाही एकाच जातीचा, त्यामुळे ही जोडी उत्तम जमते.

दही फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा. थंडीत दही उशिरा लागतं आणि बरेचदा गोडसरच राहतं, तेव्हा आंबटपणासाठी आवळा आहे. तो अगदी शेवटी, थेट वाडग्यावर किसा, कारण किसून ठेवला की काळपट पडतो. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वामुळे हरभऱ्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शरीराला अधिक सहज मिळतं. आवळा नसेल तर लिंबू चालेल, पण आवळ्याचा तुरटपणा लिंबाला नाही.

कालवणं आणि फोडणी

सोलाणे तव्यावरून उतरवले की ऊन असतानाच त्यांच्यावर निम्मं मोहरीचं दही घालून हलवा. गरम दाणा चव आत घेतो. गार झाल्यावर घातलं तर ती वरच राहते. पाच मिनिटांनी त्यात पिळलेला मुळा, गाजर, बारीक चिरलेली पात, मुळ्याची कोवळी पानं आणि कोथिंबीर घाला. उरलेलं दही घालून हाताने कालवा. चमच्यापेक्षा हाताला कुठे मीठ लागलं आणि कुठे नाही ते लवकर कळतं.

दाण्याचं कूट पानं वाढायच्या आधी घाला. ते पाणी शोषून घेतं, त्यामुळे लवकर घातलं तर चिकट गोळा होतो. भरड कुटलेलं हवं, अगदी पीठ नको.

शेवटी फोडणी. लहान कढल्यात उरलेलं तेल तापवा. हिंग, मग तीळ, तीळ तडतडले की मिरच्यांचे तुकडे आणि ओला लसूण पातीसकट चिरून. लसूण लाल होऊ देऊ नका, वास सुटला की लगेच कोशिंबिरीवर ओता आणि वाडग्यावर अर्धं मिनिट झाकण ठेवा. वर आवळा किसा आणि कोशिंबीर कोमट असतानाच जेवायला बसा.

याच रीतीने आणखी काही

मेथीचा घोळाणा खानदेश-मराठवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कोवळी मेथी निवडून, धुऊन, कोरडी करून बारीक चिरायची, त्यात पातीचा कांदा, हिरवी मिरची, कूट, मीठ आणि कच्चं तेल. मुंबईत समुद्रमेथीच्या लहान जुड्या मिळतात, त्याही घोळाण्याला फार छान. फक्त त्यांच्यात वाळू असते, म्हणून तीन-चार पाण्यांनी धुवा. बाजरीची शिळी भाकरी तव्यावर कडक करून, चुरून वरून घातली की पोटभरीचं होतं.

हरभऱ्याच्या शेंड्यांचाही घोळाणा होतो. हरभऱ्याच्या पाल्यावर मुळातच आंब असते, त्यामुळे लिंबू आधी घालू नका, चाखून मग ठरवा.

गोडसर चवीची आवड असेल तर रताळं आणि संत्रं घ्या. रताळं कुकरमध्ये पाणचट होतं, त्यापेक्षा जाड चकत्या तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार थंडीच्या सुरुवातीला येतो आणि मृग बहार साधारण फेब्रुवारीपासून, म्हणजे हंगामभर संत्री मिळत राहतात. फोडींची साल आणि बिया काढून त्या गरम रताळ्यात घाला. वर ओल्या हळदीच्या बारीक काड्या, मीठ, मिरपूड आणि भाजलेल्या जवसाची भरड. यात दही नको.

हुरडा मिळत असेल तर सोलाण्यांच्या जागी गूळभेंडी या गोडसर ज्वारीचा भाजलेला हुरडा घ्या आणि गूळ कमी करा.

परदेशात असाल तर तिथल्या थंडीत कोवळी मेथी सहसा मिळणार नाही, पण केल (kale) ही कोबीच्या कुळातली पालेभाजी मिळेल. तिचे दांडे काढून पानं बारीक चिरा आणि मीठ-लिंबू लावून दोन-तीन मिनिटं चांगली चुरडा. पान मऊ पडतं आणि घोळाण्यासारखं लागतं. गोठवलेले मटारही चालतील. ते काढणीनंतर लवकर गोठवलेले असल्याने त्यांची गोडी बरीच टिकलेली असते.

डब्यात न्यायची असेल तर दाणे दह्यात कालवून खाली ठेवा, त्यावर गाजर, सगळ्यात वर पाला. कूट आणि फोडणी वेगळ्या छोट्या डब्यांत न्या, आणि फोडणीत ओला लसूण त्या दिवशी जरा जास्त परता, नाहीतर दुपारपर्यंत त्याचा वास उग्र होतो.