सतरा गायी आणि एक म्हैस : प्राथमिक वर्गात मुलांना लिहितं कसं करावं

चौथीच्या वर्गात फळ्यावर ‘माझा आवडता प्राणी’ असं लिहा आणि वीस मिनिटांनी वह्या गोळा करा. ‘गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.’ ज्याच्या घरी गाय आहे तो हेच लिहितो आणि जिच्या दारात सहा शेळ्या बांधलेल्या आहेत तीसुद्धा गायच लिहिते. एका वर्षी माझ्याकडे एकवीस वह्यांत मिळून सतरा गायी निघाल्या. सतराही गायींच्या शेणाच्या गोवऱ्या झाल्या होत्या आणि सतराही गायींचं दूध पौष्टिक होतं.

मी विदर्भातल्या एका दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते. या गायींचा दोष मुलांचा नाही. लिहिणं म्हणजे कुठेतरी आधीच लिहून ठेवलेलं बरोबर उत्तर आपल्या वहीत आणणं, हे त्यांनी आपल्याकडूनच शिकलेलं असतं. ते विसरायला लावायचं तर एखादी दिवाळी जाते. मी जे करते ते पुढे क्रमाने सांगते. साहित्य म्हणाल तर कोरे कागद, पेन्सिली आणि शेवटी एक दाभण.

१. वेळ ठरवा, आणि तो तास कशासाठीही मोडू नका

आमच्याकडे शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ आटोपला की पहिली तासिका लिहिण्याची. आठवड्यातून एकदाच, पण नक्की. माहिती तातडीने भरून पाठवा असा निरोप नेमका शनिवारीच येतो, तो तासभर थांबतो.

लिहिण्याची वही वेगळी ठेवा. निबंधाच्या वहीत लिहायला दिलं की हात आपोआप गायीकडे वळतो. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही सगळ्यांत उत्तम, कारण ती खराब झाली म्हणून घरी कोणी रागावत नाही.

२. आधी बोलू द्या

गोल करून बसवा. विषय देऊ नका, एक बारीकसा प्रश्न विचारा. ‘पावसाळा’ हा विषय झाला. ‘काल रात्री पाऊस आला तेव्हा तुमच्या घरात पहिल्यांदा कोण उठलं?’ हा प्रश्न झाला. विषयावर मुलं पाठ केलेलं बोलतात, प्रश्नावर मात्र आठवून बोलतात. कोणी सांगतं, आजी उठली, तिने गळतीखाली गंज (पातेलं) ठेवला. कोणी सांगतं, कोणीच नाही उठलं, कोंबड्या ओरडत होत्या.

असे काही प्रश्न मी जपून ठेवले आहेत. तुमच्या घरातली सगळ्यांत जुनी वस्तू कुठे ठेवलेली असते? तुम्हाला कोणत्या आवाजाची भीती वाटते? बाजाराच्या दिवशी घरी परत येताना पिशवीत सगळ्यांत वर काय असतं? शाळेत कोणी नसताना खिचडीचं पातेलं काय करत असेल?

दहा मिनिटं बोलणं झालं की थांबवा. गोष्ट पूर्ण सांगून झालेलं मूल ती लिहायला कंटाळतं. ‘पुढचं कागदावर’ एवढंच म्हणायचं.

३. ज्यांना काही सुचत नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांचा खेळ

प्रत्येक वर्गात दोघं-तिघं पेन्सिलीला टोक करत बसतात. त्यांच्यासाठी जानी रोदारी या इटालियन लेखकाची एक युक्ती फार कामाची आहे. रोदारी तरुणपणी प्राथमिक शाळेत शिकवायचे. पुढे मुलांसाठी लिहू लागले आणि १९७० साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. एकमेकांशी काहीच संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि त्यांची गाठ घालून गोष्ट उभी करायची, अशी ही युक्ती.

मी चिठ्ठ्यांचे दोन डबे करते. एकात घरातल्या वस्तू, दुसऱ्यात घराबाहेरच्या. एकदा ‘चष्मा’ आणि ‘बोअरवेल’ निघाले. मराठीत या खेळाला आयती सोय आहे, ती म्हणजे आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं. फळ्यावर जोड्या लिहीत जायच्या : बोअरवेलचा चष्मा. बोअरवेलमध्ये पडलेला चष्मा. चष्म्यातून दिसणारी बोअरवेल. बोअरवेलसाठी चष्मा. प्रत्येक जोडीतून निराळी गोष्ट डोकावते. ‘बोअरवेलसाठी चष्मा’वर वर्ग अडला, कारण बोअरवेलला डोळे कुठले? तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तिले पानी दिसत नाही ना, म्हणून.” त्या उन्हाळ्यात गावातल्या दोन बोअरवेल आटल्या होत्या. पुढचा अर्धा तास वर्गात आवाज नव्हता.

चष्मा–चष्म्यातून, डबा–डब्यात, कुत्रा–कुत्र्याने हे सामान्यरूप याच खेळात मुलांच्या हाताखालून जातं. व्याकरणाच्या तासाला मी त्याच जोड्या पुन्हा फळ्यावर काढते.

४. मुलं लिहीत असताना तुम्हीही लिहा

वर्गात फेऱ्या मारू नका. डोक्यावर कोणी उभं असलं की मोठ्या माणसालाही सही जमत नाही. खुर्चीत बसून तुम्हीही त्याच प्रश्नावर लिहा, खोडा, पुन्हा लिहा. मॅडमसुद्धा खोडतात हे मुलांना दिसलं पाहिजे.

“मॅडम, ‘दृष्ट’ कसं लिहायचं?” असे प्रश्न येतातच. माझा नियम असा : जसं ऐकू येतं तसं लिही, खाली रेघ मार, पुढे जा. स्पेलिंगसाठी थांबलेली गोष्ट बहुतेक वेळा तिथेच संपते.

पहिली-दुसरीची मुलं, किंवा अजून जोडाक्षरांशी झुंजणारी, चित्र काढतात आणि मला सांगतात. मी चित्राखाली त्यांचं वाक्य लिहिते. मात्र अक्षरशः त्यांचंच. ‘बकरी माही वही खाऊन गेली’ असं सांगितलं तर ‘शेळीने माझी वही खाल्ली’ असं लिहायचं नाही. आपलं बोलणं तसंच्या तसं कागदावर उतरतं हे ज्या दिवशी मुलाला कळतं, त्या दिवसापासून ते चित्राखालची ओळ बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचतं. वाचन शिकवायला याहून सोपा पाठ मला अजून सापडलेला नाही.

५. ‘आणखी लिही’ म्हणू नका, विचारा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा.

एका मुलाने पूर्ण तासात एकच वाक्य लिहिलं होतं : ‘आमची म्हैस मेली.’ पूर्वी मी त्याखाली ‘सविस्तर लिही’ असा शेरा मारला असता आणि पुढच्या आठवड्यात मला म्हशीचे चार पाय मिळाले असते. या वेळी त्याच्या शेजारी पट्टीवर बसले.

“तेव्हा तू कुठं होतास?”

“खाटेवर.”

“मग तुला कसं कळलं?”

“मायचा आवाज आला.”

“आता गोठ्यात काय आहे?”

यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “साखळी हाये. अन् बाबा अजून बी सकाळी बादली घेऊन गोठ्यात जाते, मंग वापस येते.”

“हे लिहिलंस का?”

“हे बी लिहाचं असते?”

त्याने चार ओळी लिहिल्या. मी त्यात काही घातलं नाही.

कुठे होतास, काय ऐकू आलं, हातात काय होतं, आता तिथे काय आहे, असे डोळ्या-कानाचे प्रश्न चालतात. ‘तुला कसं वाटलं?’ हा प्रश्न मी टाळते. त्याला ‘मला खूप वाईट वाटले’ हे एकच उत्तर असतं, आणि ते बहुधा गाईडमधलं असतं. तीनपेक्षा जास्त प्रश्नही एका बैठकीत नकोत. मला चौथा विचारायचा मोह झाला होता, तो आवरला. दुःखाची गोष्ट वर्गात वाचायची की नाही हे मुलालाच ठरवू द्या. काही कागद फक्त माझ्या कपाटात राहतात.

६. वाचून दाखवणं

रोज खिचडीनंतर एक किंवा दोन मुलं आपलं लिखाण वाचतात. टाळ्या नाहीत. ऐकणाऱ्यांनी दोनच गोष्टी सांगायच्या : कोणतं वाक्य लक्षात राहिलं, आणि काय कळलं नाही. ‘छान आहे’ म्हणायला बंदी. आठवडाभर अवघड जातं, मग मुलं मोठ्यांपेक्षा नेमकं बोलू लागतात.

७. लाल पेन उशिरा काढा

माझी चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलीने आजीच्या गोधडीवर पानभर लिहिलं होतं. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणता मेलेल्या काकाच्या सदऱ्याचा. मी त्यावर लाल गोल काढले, मोजून चौदा, आणि खाली लिहिलं, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ तिने दिलं. पुढच्या वेळी तिच्या वहीत होतं : ‘माझी आई छान आहे. ती मला आवडते.’ एकही चूक नव्हती. जे शब्द बिनचूक येतात तेवढेच तिने वापरले होते.

आता मी पहिल्या खर्ड्याला हात लावत नाही. जे लिखाण मुलाला सगळ्यांसाठी द्यायचं आहे, त्याचीच दुरुस्ती करायची, आणि एका वेळी एकाच प्रकारची. एका आठवड्यात फक्त पूर्णविराम : मोठ्याने वाच, श्वास कुठे घेतोस तिथे बघ. दुसऱ्या आठवड्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार. मराठीत तो दीर्घ, नदी, चाकू. ‘आणि’, ‘परंतु’ यांसारखे मोजके अपवाद भिंतीवर लावून ठेवलेले. मूल स्वतःच्या गोष्टीत शोधतं, पेन्सिलीने सुधारतं.

आता ‘पानी’चं काय करायचं? आमच्या गावात कोणीच ‘पाणी’ म्हणत नाही. मी मुलांशी करार केला आहे : गोष्टीतलं माणूस बोलत असेल तर अवतरणचिन्हं घालायची आणि आत घरी बोलतात तसंच लिहायचं, ‘पानी’, ‘मंग’, ‘माह्या’ सगळं. गोष्ट सांगणारा बोलत असेल तर पुस्तकातलं ‘पाणी’. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ असे जे लेखनविषयक नियम आपण शिकवतो, त्यांतही पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ हे बोलण्यातलं रूप चालतं. मी तो दोर जरा लांब सोडते इतकंच. या करारामुळे झालेला फायदा असा, की अवतरणचिन्हं शिकवावी लागली नाहीत. आजीला तिच्या आवाजात बोलू द्यायचं म्हणून मुलांनी ती हौसेने मागून घेतली.

८. हस्तलिखित

लिहिलेलं फक्त मॅडम वाचणार असतील तर मुलं मॅडमसाठी लिहितात. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२४ साली आपल्या खेड्यातल्या शाळेत चक्क एक छोटा छापखाना आणला. मुलं आपलं लिखाण स्वतः जुळवून छापत आणि दूरच्या शाळेला पाठवत. तिथून त्यांचं यायचं. आपल्याला छापखाना नको, झेरॉक्सही नको. पहिल्या अंकाला एकच प्रत पुरते.

ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, बत्तीस पानं होतात. बाहेरून जाड कार्डशीट. पानं शिवण्याआधी लिहून घ्या, म्हणजे कोणाचं पान बिघडलं तर तेवढा कागद बदलता येतो. मात्र त्याच कागदावर आणखी कोणाची पानं आहेत ते आधी बघा. मी हे एकदा विसरले आणि तिघांना पुन्हा लिहावं लागलं. म्हणून आता कोऱ्या कागदांचा नमुना दुमडून त्यावर आकडे टाकते आणि मगच पानं वाटते. मजकूर एका पानात बसेल एवढाच. चित्र दुसऱ्या मुलाने काढायचं, कारण त्यासाठी त्याला ती गोष्ट नीट वाचावी लागते.

शिवताना घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. गोधडीचा दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. चौथीच्या मुलांना हे जमतं. दाभण तेवढं आपल्या हातात ठेवा.

प्रकाशनाला पाहुणा लागतोच असं नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळेत असतोच, त्यात दहा मिनिटं मागून घ्या. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला अंक पिशवीत घेऊन जा आणि दुसऱ्या शाळेशी महिनाभरासाठी बदला.

पण खरा प्रवास घरोघरचा. रोज एका मुलाने अंक घरी न्यायचा, मोठ्याने वाचायचा, सकाळी परत आणायचा. शेवटची दोन पानं कोरी ठेवा, घरच्यांनी तिथे लिहावं म्हणून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगितलेलं मुलाने उतरवायचं. बहुतेक घरांतून ‘खूप छान’ येतं. मोठ्या माणसांना आपण बंदी घालू शकत नाही.

म्हशीच्या गोष्टीला त्या मुलाच्या मित्राने चित्र काढलं होतं, काळ्या स्केचपेनने गच्च रंगवलेली म्हैस. अंक त्याच्या घरून परत आला तेव्हा शेवटच्या पानावर वडिलांच्या अक्षरात दोन ओळी होत्या : ‘म्हैस भुरी होती. कपाळावर चांद होता.’ पोराने खोडरबर घासून पाहिलं, स्केचपेन पुसलं जाईना. मग फळ्याखालचा खडू घेतला आणि काळ्या कपाळावर एक पांढरा ठिपका दिला.