मुलांना पोकेमॉनची ओळख करून देताना

पोकेमॉन बघत मोठे झालेल्या आईबाबांना घाई फार असते. पहिल्याच रविवारी पोकेमॉनची, म्हणजे गोष्टीतल्या अद्भुत प्राण्यांची, सुरुवातीची १५१ नावं पोराच्या गळी उतरवायची! तसं नको. आधी कार्टूनचा पहिला भाग एकत्र बघा. पिकाचू हा विजेचा पोकेमॉन, तो पोकेमॉन ठेवायच्या बॉलमध्ये शिरायला साफ नकार देतो, वर गोष्टीतल्या अ‍ॅश या मुलालाच झटके देतो. तिथे मुलं खिदळतात. पुढे स्पिअरो या पक्ष्यांसारख्या पोकेमॉनचा थवा अंगावर येतो, तेव्हा मूल लहान असेल तर जवळ बसा.

गेमसाठी घरात निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल असेल तर २०१८ मध्ये आलेला 'लेट्स गो पिकाचू' बरा. दुसरा जॉयकॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) हलवला की दुसरा खेळाडू लगेच सामील होतो, आणि दोघांनी एकदम बॉल फेकले तर पोकेमॉन पकडला जाण्याची शक्यता वाढते. मुख्य कंट्रोलर मात्र मुलाकडेच द्या. (आपल्याला ते जड जातं, पण द्या.) इंग्रजी संवाद मराठीत वाचून दाखवा. गेममधल्या ब्रॉक या प्रतिस्पर्ध्याच्या जिममध्ये (लढतीच्या जागी) शिरायला पाण्याचा किंवा गवताचा पोकेमॉन लागतो, कारण त्याचे पोकेमॉन दगडमातीचे, पिकाचूची वीज तिथे चालत नाही. हे आधीच फोडू नका. दारावरचा माणूस अडवतो, मग मूल आपोआप गेममधल्या गवतात तसा पोकेमॉन शोधायला लागतं.

पोकेमॉनचा कार्डांचा खेळही आहे, पण त्याच्या कार्डांची सुटी पाकिटं टाळा. आत काय निघेल याचा नेम नसतो आणि हट्ट थांबत नाही. त्यापेक्षा ६० कार्डांचा एक तयार डेक (खेळायचा संच) तुमच्यासाठी आणि एक मुलासाठी घ्या.